बुकमार्कची चिन्हे बदलणारे एक फुकट टूल: ऑनलाइन सेंटरच्या काउंटरवरून, काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांच्या ब्राउझरमध्ये दहा-पंधराच बुकमार्क आहेत, त्यांना हे टूल लागणार नाही. पण ज्यांचे दुकान कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या पोर्टलांवर चालते, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले आम्ही ऑनलाइन सेंटरवाले, त्यांनी जरूर वापरून बघावे. मी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून रोज वापरते आहे आणि मला ते मनापासून आवडले आहे.

खानापुरातल्या आमच्या दुकानात एकाच सकाळी कर्नाटकच्या भूमी पोर्टलवरून जमिनीचा उतारा, नाडकचेरी पोर्टलवरून उत्पन्नाचा दाखला, कावेरी पोर्टलवरून ईसी (मालमत्तेवर बोजा आहे का त्याचा दाखला), हेस्कॉमचे विजेचे बिल अशी कामे येतात. मध्येच कुणाची तरी जमीन महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात निघते, मग तिकडच्या महाभूलेख पोर्टलवरून सातबारा. बुकमार्क करताना ब्राउझर पानाचे शीर्षकच नाव म्हणून उचलतो, त्यामुळे ब्राउझरच्या वरच्या बुकमार्क पट्टीवर कन्नड, इंग्रजी आणि मराठी नावांची सरमिसळ होते. काउंटरवर माझी वहिनी बसते. तिचे शिक्षण मराठी माध्यमातले. कन्नड बोलते फर्डे, पण वाचायचे म्हटले की अक्षर अक्षर लावावे लागते. समोर माणसे उभी असताना तेवढा वेळ नसतो. तिची नजर नावावर जातच नाही, चिन्हावर जाते. आणि नेमकी तिथेच पंचाईत होती. काही सरकारी साइटना स्वतःचे चिन्हच नाही, तिथे करड्या रंगाचा गोल दिसतो. काहींना गंडभेरुंड, म्हणजे कर्नाटकच्या राजमुद्रेवरचा दोन डोक्यांचा पक्षी आहे, पण एवढ्याशा जागेत तो नुसता डाग वाटतो, आणि शेजारी शेजारी असे तीन डाग असले की कुठला कशाचा ते कळायचे कसे?

या चिन्हांची सुरुवात 1999 साली इंटरनेट एक्सप्लोरर 5 पासून झाली. साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये फेव्हआयकॉन नावाची चित्राची फाइल ठेवली की फेव्हरिट्सच्या, म्हणजे त्या ब्राउझरमधल्या बुकमार्कच्या यादीत ती दिसायची. आज साइट पानाच्या कोडमध्येच चिन्हाचा पत्ता देते आणि ब्राउझर ते आणून स्वतःजवळ साठवतो. फायरफॉक्समध्ये तर 2017 च्या 55 व्या आवृत्तीपासून त्यासाठी वेगळी डेटाबेस फाइलच आहे. इतकी वर्षे झाली, पण बुकमार्कचे चिन्ह आपल्याला हवे ते लावायची सोय क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमध्ये नाही. नाव बदला, पत्ता बदला, चिन्हाला हात लावता येत नाही.

हे टूल बेळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने आमच्यासारख्यांची अडचण बघून बनवले. सेंटरवाल्यांच्या ग्रुपवर ते फिरते. त्याला नाव नाही, इन्स्टॉल काही करायचे नाही, एकच एचटीएमएल फाइल आहे आणि ती ब्राउझरमध्ये उघडते. क्रोममधून बुकमार्क एक्स्पोर्ट केले की जी फाइल मिळते, ती या पानावर ओढून टाकायची. सगळ्या बुकमार्कची यादी चिन्हांसकट समोर येते. ज्याचे बदलायचे त्यावर क्लिक करायचे, रंग आणि एक अक्षर निवडायचे किंवा स्वतःचे चित्र द्यायचे, सेव्ह करायचे आणि ती फाइल पुन्हा ब्राउझरमध्ये इम्पोर्ट करायची. आत काय चालते ते बघायचे असेल तर एक्स्पोर्टची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक बुकमार्कची एक ओळ असते आणि त्या ओळीतच चिन्हाचे चित्र अक्षरांच्या लांबलचक माळेत भरलेले असते. टूल फक्त ती माळ बदलते. ब्राउझरच्या स्वतःच्या डेटाबेसला ते शिवत नाही, म्हणून काही बिघडायची भीती मला वाटली नाही. राउटर बंद ठेवूनही सगळे काम झाले, म्हणजे कामासाठी आपली यादी कुणाकडे पाठवावी लागत नाही. बुकमार्क वाचायची परवानगी मागणारे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, दुकानाच्या मशीनवर टाकण्यापेक्षा मला हे कितीतरी बरे वाटते.

चिन्हे तयार करताना मात्र वेळ द्या. जागा 16 बाय 16 ठिपक्यांची. देवनागरी अक्षराची शिरोरेषाच दोन ओळी खाते. ‘भ’ आणि ‘म’ इतक्या लहान आकारात सारखेच दिसतात, आणि ‘क्ष’ किंवा ‘श्र’ घालू म्हटले तर ठिपक्यांचा गोळा होतो. 32 ठिपक्यांचे चित्र देऊन बघितले, क्रोममध्ये दिसायला काही फरक पडला नाही. शेवटी आम्ही रंगावर भर दिला: कर्नाटकच्या जमिनीच्या कामांना हिरवा, दाखल्यांना निळा, बिलांना पिवळा, महाराष्ट्राच्या पोर्टलांना गडद जांभळा, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकच ठसठशीत अक्षर. भूमीला ‘उ’ दिला, उताऱ्याचा. पोर्टलचे अधिकृत नाव काय ते राहू दे, गिऱ्हाईक काय मागते त्याचे अक्षर घ्यायचे, ही वहिनीची सूचना. ती सगळ्यात उपयोगी ठरली. आता कुणी ‘उतारा पाहिजे’ म्हटले की तिचा माउस सरळ हिरव्या चौकोनावर जातो. नावे पुसून नुसती चिन्हे ठेवली तर पट्टीवर दुपटीहून जास्त बुकमार्क मावतात, आणि पलीकडच्या बाणाखाली लपलेली यादी उघडायची वेळ येत नाही.

आता जे जमत नाही ते. ज्या साइटला स्वतःचे चिन्ह आहे, ती उघडली की ब्राउझर पुन्हा साइटचेच चिन्ह लावतो. टूलचा यात दोष नाही, ब्राउझरची रीतच तशी. म्हणजे करड्या गोलवाल्या साइटवर आपले चिन्ह टिकते आणि गंडभेरुंडवाल्यांवर टिकत नाही. शिवाय क्रोमने एखाद्या पानाचे चिन्ह आधीच साठवले असेल तर इम्पोर्टमधले चिन्ह तो घेत नाही. म्हणून दुकानासाठी क्रोममध्ये नवीन प्रोफाइल (वेगळे, कोरे खाते) उघडून त्यात इम्पोर्ट केलेले बरे. नवीन प्रोफाइलचा आणखी एक फायदा आहे. पट्टी रिकामी असली तर बुकमार्क थेट तिच्यावर बसतात, नाहीतर वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि सगळे दोनदा दिसू लागते.

चिन्ह कायम टिकावे म्हणून टूलमध्ये एक पर्याय आहे. तो पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझर चालवतो तो छोटा कोड घालतो. चिन्ह टिकते खरे, पण क्रोममध्ये नवीन कोऱ्या टॅबवरून तो बुकमार्क दाबला तर काहीच होत नाही, आधी कुठले तरी पान उघडे असावे लागते. आमच्या कामात नवा टॅब उघडून बुकमार्क दाबणे हीच सवय, त्यामुळे तो पर्याय मी कुणाला सुचवणार नाही. स्वतःचे चिन्ह असलेल्या साइटना आम्ही नावाच्या सुरुवातीला रंगीत चौकोनाचा इमोजी लावला. तो नावाचाच भाग असल्यामुळे हलत नाही, आणि रंगांची पद्धतही तीच राहते.

फायरफॉक्सवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की सिंक केल्यावर, म्हणजे एकाच खात्याने दोन मशीन जोडल्यावर, दुसऱ्या मशीनवर बुकमार्क येतात, चिन्हे येत नाहीत. तिथे बदललेली फाइलच पुन्हा इम्पोर्ट करावी लागते. दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर मी तसेच केले.

त्या मुलाकडे माझे एकच मागणे आहे. अक्षरांच्या यादीत देवनागरी आणि इंग्रजी आहे, कन्नड नाही. आमच्याकडे दुपारनंतर बसणारा मुलगा कन्नड माध्यमातला आहे, त्याला ‘उ’पेक्षा कन्नड अक्षर लवकर सापडेल. सध्या मी त्याच्यासाठी पेंटमध्ये चित्रे काढून ती टूलमध्ये घालते. चालते, पण प्रत्येक चिन्हाला वेळ जातो. कन्नड अक्षरे यादीतच आली तर सीमाभागातल्या प्रत्येक काउंटरवर हे टूल जसेच्या तसे वापरता येईल.