सात महिने, तीन फासे आणि १९२७चे यांकीज

बाबा मार्चमध्ये साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले, आणि त्याच आठवड्यात मी स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉल हा कार्डं आणि फाशांचा घरगुती खेळ घेतला. मुलगा अकरा वर्षांचा. त्याला बेसबॉल कळतो, क्रिकेट फारसं नाही. बाबांनी तरुणपणी वीसेक वर्षं क्रिकेट क्लबच्या सामन्यांचं गुणलेखन केलं, त्यांना बेसबॉलमधलं काहीच ठाऊक नव्हतं. दोघांना एका टेबलाशी बसवेल असं काहीतरी मला हवं होतं. आज सात महिने झाले, शंभराच्या आसपास सामने झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

हा खेळ हॅल रिचमन यांनी न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमध्ये लहानपणीच रचायला घेतला, तेव्हा तेही अकराच वर्षांचे होते. विक्रीला आला १९६१ साली. प्रत्येक खऱ्याखुऱ्या खेळाडूचं एक कार्ड. त्यावर फोटो नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. एक पांढरा फासा आणि दोन लाल, तिन्ही एकदम टाकायचे. पांढऱ्यावर १ ते ३ आलं तर बॅटरचं कार्ड वाचायचं, ४ ते ६ आलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. लाल फाशांची बेरीज सांगते, पांढऱ्याच्या आकड्याखालच्या रकान्यातली कुठली ओळ. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी वहीत मांडून दाखवलं की सात छत्तीसपैकी सहा वेळा येणार, आणि दोन किंवा बारा एकेकदाच. म्हणजे ज्याच्या सातच्या ओळीत हिट (चेंडू मारून बेसवर, म्हणजे मैदानातल्या थांब्यावर पोचणं), तो खरा भरवशाचा. तेव्हापासून नातू नवीन कार्ड हातात आलं की आधी सातची ओळ बघतो.

शिकायला वेळ लागतो, हे आधीच सांगते. साधे नियम एका संध्याकाळी येतात. पण कार्डाच्या दुसऱ्या बाजूचे प्रगत नियम, म्हणजे डावखुऱ्या-उजव्या पिचरप्रमाणे बदलणारे रकाने, पिचरचं थकणं, चेंडू क्षेत्ररक्षकाकडे गेला की वीस बाजूंचा फासा टाकून तक्ता बघणं, हे अंगवळणी पडायला आम्हाला तीन आठवडे लागले. बाबांनी तो तक्ता जाड पुठ्ठ्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला. त्यानंतर सामना पाऊण तासात संपायला लागला.

आता संघांबद्दल, कारण घ्यायचा तो त्यासाठीच.

आम्ही १९२७चे न्यूयॉर्क यांकीज घेऊन सुरुवात केली. त्या वर्षी त्यांनी ११० सामने जिंकले, ४४ हरले आणि वर्ल्ड सिरीज या विजेतेपदाच्या मालिकेत पिट्सबर्गला ४-० असं हरवलं. बेब रुथचे ६० होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके, साधारण आपल्या षटकारासारखे) बेसबॉलवाल्या सगळ्यांना माहीत असतात. मला मात्र कार्ड हातात धरल्यावरच उमगलं, की त्याला त्या मोसमात १३७ वॉकही मिळाले होते, म्हणजे चार वाईट चेंडूंनंतर फुकट मिळणारा पहिला बेस. म्हणजे पिचर त्याला चेंडू द्यायलाच तयार नव्हते, आणि दिला नाही तर पुढे लू गेरिग उभा, ४७ होमरनवाला. टेबलावर हा पेच दर दोन-तीन इनिंगना आपल्यासमोर येतो. रुथला सोडून द्यावं का? दिलं सोडून, तर गेरिगचं काय करायचं? त्या काळी पिचरलाही बॅटिंग करावी लागे. विल्सी मूर हा त्या वर्षीचा यांकीजचा फार गुणी पिचर, १९ विजय त्याच्या नावावर, पण अख्ख्या मोसमात त्याने हिट मारले सहा. सातव्या इनिंगला दोन खेळाडू बेसवर असताना त्याची पाळी येते, तेव्हा त्याला काढावा की ठेवावा यावर आमच्याकडे जेवण थांबलेलं आहे.

समोर १९७५चे सिनसिनाटी रेड्स. १०८ विजय, ५४ पराभव. जॉनी बेंच, पीट रोझ, टोनी पेरेझ आहेतच, पण मी प्रेमात पडले ती जो मॉर्गनच्या. सरासरी (बॅटिंगच्या संधींमागे हिट) ०.३२७, १३२ वॉक, ६७ बेस चोरलेले, म्हणजे फटका नसताना पळून गाठलेले. तो पहिल्या बेसवर पोचला की समोरच्याची बोटं फाशांवर अडखळतात. त्यांचे मॅनेजर स्पार्की अँडरसन पिचर इतक्या झटपट बदलत की लोक त्यांना ‘कॅप्टन हुक’ म्हणत. बाबांना हा माणूस फार आवडला. आमच्या सात सामन्यांच्या मालिकेत सातवा सामना, आठवी इनिंग, रेड्स एका धावेने पुढे, दोन आउट, रुथ उभा. नातू चालू पिचरलाच ठेवायचं म्हणत होता. बाबा म्हणाले, “हा डावखुरा ना? मग डावखुराच आण.” विल मॅकेनेनीचं कार्ड खाली आलं. पांढऱ्या फाशावर पाच, म्हणजे पिचरचं कार्ड. आउट. बेसबॉल कळायला लागल्याला चारच महिने झालेल्या माणसाने तो सामना जिंकून दिला.

एक मर्यादा मात्र आहे, आणि ती अशा सगळ्याच खेळांची आहे. कार्ड त्या त्या मोसमाच्या आकड्यांवरून बनतं. १९२७च्या लीगमध्ये हिट जास्त पडत, १९७५ला पिचर वरचढ होते. त्यामुळे दोन काळांतले संघ समोरासमोर आणले की निकाल फार मनावर घेऊन चालत नाही. खरी चव हवी असेल तर एकाच वर्षाचे संघ खेळा. १९२७च्या फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सकडे चाळिशीतला टाय कॉब होता, सरासरी ०.३५७, आणि तरी ते यांकीजच्या खूप मागे राहिले. का राहिले, ते हे दोन संघ खेळवले की कळतं.

आणखी एक गोष्ट मुलाने विचारली. “१९२७च्या संघांत काळे खेळाडू का नाहीत?” कारण १९४७मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरेपर्यंत त्या काळी त्यांना मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, येऊच दिलं जात नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या निग्रो लीग होत्या, आणि त्या खेळाडूंचा वेगळा संचही याच खेळात मिळतो. तो मी जूनमध्ये घेतला. माझ्या मते या घरात आलेली सगळ्यात मोलाची कार्डं ती. जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल, सॅचेल पेज. आम्ही बाबांना पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम दाखवायला नेलं. न्यूयॉर्क ब्लॅक यांकीज हा निग्रो लीगचा संघ तिथे खेळत असे, आणि बरीच वर्षं पडून राहिलेलं ते मैदान २०२३मध्ये पुन्हा उघडलं. नुअर्क ईगल्स हा संघ तर जवळच्याच गावचा. त्यांनी १९४६ची निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. ज्या रुपर्ट स्टेडियममध्ये ते खेळत, त्याला नाव होतं यांकीजच्या मालकाचं. मैदान मिळत होतं, संघात जागा नव्हती. मे २०२४मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले आणि कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२चा गिब्सन कॉबच्याही वर गेला. मुलाने ती बातमी कार्डांच्या डब्यात घडी घालून ठेवली आहे.

वापराविषयी थोडं. कार्डं पातळ आहेत, घामट हातांनी कडा वळतात, म्हणून पारदर्शक पाकिटं लगेच घ्या. जुने संघ सुटे घेताना कार्डं मोजून घ्या. मी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या संघात दोन कमी निघाली. धावफलकाचे कागद लवकर संपतात, साधी चौकटीची वही पुरते.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले. वही बरोबर घेऊन गेले. आता शनिवारी सकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर खेळतो. फासे इथे, गुणलेखन साताऱ्यात. गिब्सनचा संघ विरुद्ध १९२७चे यांकीज, मालिका २-२. येत्या शनिवारी पेज पिचर असणार आहे आणि रुथला कसं बाद करायचं, याचा फोन बाबांनी आजच, बुधवारीच केला.