पॅच अँटेना: एफआर-४ की रॉजर्स?

एम.टेक.च्या प्रकल्पात पॅच अँटेना (सर्किट बोर्डावर, म्हणजे पीसीबीवर, कोरलेला तांब्याचा चपटा अँटेना) करणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न: बोर्ड एफआर-४चा (नेहमीचा काचतंतू-इपॉक्सीचा) घेऊ की रॉजर्स ४३५०बीचा (खास उच्च वारंवारतेसाठीचा)?

पैशांत एफआर-४ कितीतरी स्वस्त, कुठल्याही पीसीबीवाल्याकडे मिळतो. कोरणं-भोकं पाडणं दोन्हींचं जवळपास सारखंच.

लॉस टँजंट, म्हणजे बोर्डात सिग्नलची ऊर्जा किती वाया जाते त्याचं माप, एफआर-४चा ०.०२च्या आसपास, रॉजर्सचा १० गिगाहर्ट्झला ०.००३७. त्याहून त्रासाचं म्हणजे एफआर-४चा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (बोर्डाच्या साहित्याचा गुणांक, ज्यावर पॅचची वारंवारता अवलंबून असते) बॅचगणिक बदलतो. ४.४ धरून आखलेला २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच ४.२च्या बोर्डावर सुमारे ५० मेगाहर्ट्झ वर सरकतो, आणि पॅचची बँडविड्थ मुळातच अरुंद! सिम्युलेशन जुळतं, मोजमाप जुळत नाही, तेव्हा आधी इथेच पाहावं.

वायफायसाठी, शिकताना दोन-तीन बोर्ड वाया जाणार असतील तर एफआर-४. ५जीच्या २८ गिगाहर्ट्झला किंवा लांब फीडलाइनच्या (सिग्नल पोचवणाऱ्या पट्टीच्या) अ‍ॅरेला, म्हणजे अनेक पॅचच्या मांडणीला, रॉजर्सच.