डडी क्रॅविट्झ: दिवाळीपासून घरात असलेल्या पुस्तकाबद्दल

मी परभणीत खरेदीखतं लिहितो. मुद्रांक, सातबारा, चतुःसीमा, साक्षीदार, अंगठे, यातच दिवस जातो. कामासाठी आलेल्या एका पोरानं सांगितलं, "काका, एक इंग्रजी कादंबरी आहे, सगळी जमिनीच्या व्यवहारावर. तुम्हाला आवडेल." म्हणून मॉर्डेकाय रिचलर या कॅनडाच्या लेखकाची 'द अप्रेंटिसशिप ऑफ डडी क्रॅविट्झ' दिवाळीच्या आधी मागवली. आता मृग तोंडावर आलाय. मधल्या काळात दोनदा वाचली, जेवताना घरच्यांना मराठीत सांगितली, पुतण्याला दिली, त्याच्याकडून परत मागून घेतली. नवी कोरी असताना लिहिलेलं आणि असं वापरून झाल्यावर लिहिलेलं यात फरक पडतो, म्हणून थांबलो होतो.

वस्तू म्हणून पुस्तक ठीक. अक्षर बारीक आहे, रात्री चष्म्याशिवाय जमत नाही. यिडिश (युरोपातल्या ज्यूंची बोली) आणि फ्रेंच शब्द मधूनच येतात, खाली टीप नाही. सुरुवातीची पानं अडखळत जातात, पुढे कान सरावतो. पुतण्यानं ते उताणं घालून, दुमडून वाचलं तरी पान सुटलं नाही.

कादंबरी 1959 सालची. जागा मॉन्ट्रियलची सेंट अर्बेन स्ट्रीट, गरीब ज्यू लोकांची वस्ती, काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. डडी सुरुवातीला पंधरा वर्षांचा, शाळेत मास्तरांना छळणारा. आई वारलेली. बाप मॅक्स टॅक्सी चालवतो आणि जेरी डिंगलमन नावाच्या एका गल्लीतल्या पोराच्या गोष्टी सांगतो. तो पोरगा म्हणे शून्यातून वर आला, आता त्याला सगळं शहर ओळखतं. मोठा भाऊ लेनी डॉक्टरकी शिकतोय, त्याचा खर्च कारखानदार काका बेंजी करतो. डडीकडे बघायला कुणाला वेळ नाही. आजोबा सिम्का तेवढे त्याच्याशी बोलतात. ते मोची, मागच्या अंगणात भाजीपाला लावायचा नाद असलेले. त्यांनी नातवाला लहानपणी एक वाक्य सांगून ठेवलंय: ज्याच्याकडे जमीन नाही तो माणूस कुणीच नाही.

हे वाक्य मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निजामाच्या राज्यात दुसऱ्याच्या जमिनी कसलेल्यांची नातवंडं आज माझ्या टेबलासमोर बसतात. 1950 चा हैदराबाद कूळकायदा आला तेव्हा कुणाला जमीन मिळाली, कुणाची राहून गेली, हे घराघरात अजून बोललं जातं. वडिलांना मी ते वाक्य सांगितलं तर म्हणाले, "म्हातारा आपल्याकडचाच दिसायलाय."

पुढे डडी डोंगरातल्या एका हॉटेलात वेटर म्हणून जातो. तिथली इव्हेट नावाची फ्रेंच-कॅनेडियन मुलगी त्याला एक तळं दाखवते. त्या क्षणापासून त्याला तळ्याभोवतीची सगळी जमीन हवी असते, एकेक तुकडा करून. तो वयानं अजून सज्ञान नाही, शिवाय तिथले शेतकरी ज्यू माणसाला जमीन विकतील याची खात्री नाही, म्हणून कागद इव्हेटच्या नावावर. हा भाग मी धंद्याच्या नजरेनं वाचला आणि माझ्या मते लेखकाला व्यवहार कळतो. दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या जमिनीत विश्वास किती दिवस टिकतो, पैसे कमी पडले की माणूस कुणाकडे बघतो, शेवटचा तुकडा का सगळ्यात महाग पडतो, हे सगळं त्यात आहे. समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड महामार्ग जाहीर झाल्यापासून आमच्याकडेही अशी पोरं दिसतात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन फोन, आणि खिशात दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची इसारपावती.

पैशासाठी डडी काय काय करतो, त्यात हसून पुरेवाट करणारा भाग आहे सिनेमाचा. ज्यू मुलांच्या तेराव्या वर्षीच्या विधीचं शूटिंग करून द्यायची तो कंपनी काढतो. दिग्दर्शक मिळतो फ्रायर नावाचा बेवडा इंग्रज. तो साध्या घरगुती समारंभाची अशी काही कलाकृती बनवतो की पडदा उजळल्यावर पाहुणे एकमेकांकडे बघत राहतात. लग्नाच्या व्हिडिओत वधूचा चेहरा गुलाबातून उगवताना ज्यांनी पाहिलाय, त्यांनी हे प्रकरण बसमध्ये वाचू नये, लोक बघतात.

पण दुसऱ्या वाचनात मला वेगळीच जागा सापडली. डडी अधूनमधून घरच्यांना विचारतो, आईला मी आवडायचो का? भावाला विचारतो, बापाला विचारतो. सरळ उत्तर कुणी देत नाही. पहिल्यांदा वाचताना ही वाक्यं डोळ्याखालून निघून गेली होती, कारण गोष्ट पळत असते. नंतर कळलं की सगळी धावपळ या प्रश्नामागे आहे. त्याला तळ्याच्या सातबारावर नाव लावायचं नाहीये, घरच्या सातबारावर लावायचंय, आणि तिथे फेरफार करणारा तलाठीच सापडत नाही. बेंजी काका मरताना त्याला पत्र ठेवून जातो. त्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं की तू नुसता लबाड नाहीस, तुझ्यात एक चांगला मुलगाही आहे. पोरगं ते पत्र किती दिवस उघडतच नाही. ते पान वाचून मी दिवा मालवला होता.

डडीला माफ करायला मात्र लेखक मदत करत नाही. व्हर्जिल नावाचा भोळा अमेरिकन त्याच्यावर जीव टाकतो. त्याला फेफरं येतं हे ठाऊक असून डडी त्याला गाडी चालवायला लावतो. अपघात होतो, व्हर्जिल कायमचा अधू होतो. पुढे शेवटच्या तुकड्याला पैसे कमी पडतात तेव्हा डडी त्याच व्हर्जिलच्या चेकवर खोटी सही करतो. इथे आमच्या घरात फूट पडली. लातूरला नीटची तयारी करणारा पुतण्या म्हणाला, "त्याच्याजागी कोण थांबलं असतं?" आई म्हणाली, असल्या जमिनीत बी सुद्धा उगवत नाही. पुतण्या चिडून वर गेला. मला वाटतं त्याला डडीपेक्षा लेनीचं जास्त लागलं होतं. ज्याच्यावर घरानं पैसा लावलाय, त्यानं नापसंती दाखवायची तरी कुठे?

जमीन हाती आल्यावर डडी सगळ्यांना तिथे घेऊन जातो. आजोबांना म्हणतो, तुमचं शेत निवडा. आजोबांपर्यंत इव्हेटकडून सगळं पोचलेलं असतं. ते नको म्हणतात. त्याच दिवशी एका हॉटेलात डडीकडे सुटे नसतात, वेटर म्हणतो, राहू द्या साहेब, मांडून ठेवतो. आणि डडी हरखतो, उधारी मिळायला लागली! बाप लगेच त्याच्या गोष्टी रंगवून सांगायला लागलेला असतोच, डिंगलमनच्या सांगायचा तशा. हा शेवट काहींना अर्धवट वाटेल. मला अचूक वाटला. पोरानं ज्याच्यासाठी केलं त्यानं तोंड फिरवलं, आणि ज्याला फक्त पैसा दिसतो त्यानं पाठ थोपटली.

वडिलांना मात्र आजोबा पटले नाहीत. "एवढं केलं पोरानं. चुकलंच. पण एक तुकडा निवडायला काय झालं होतं?"

थंडीत माझ्या टेबलावर एकजण आजोबांना घेऊन आला होता, दोन गुंठे त्यांच्या नावावर करायला. नांगर धरून रेषा झिजलेल्या, म्हाताऱ्याचा अंगठा यंत्र काही घेईना. पोरगं ओल्या फडक्यानं तो पुन्हा पुन्हा पुसत होतं, पॅन्टला कोरडा करत होतं. म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "ही आधी कुणाची होती?" पोरानं नाव सांगितलं नाही, म्हणालं, आबा, दाबा जोरात. शेवटी डाव्या अंगठ्यावर काम झालं.

तक्रारी आहेतच. मधल्या भागात पात्रांची गर्दी फार, डिंगलमन डडीकरवी नकळत अंमली पदार्थ आणवतो तो तुकडा दुसऱ्याच पुस्तकातला वाटतो. बायकांना लेखकानं पुरेशी जागा दिलेली नाही. इव्हेटच्या मनात काय चाललंय हे आपण अंदाजानंच भरायचं. माझ्याकडे हक्कसोडपत्रावर सही करायला येणाऱ्या बहिणी आठवल्या, त्यांनाही कुणी विचारत नाही.

यावर 1974 साली चित्रपट निघाला, रिचर्ड ड्रायफस डडी झालाय, पटकथेत रिचलर स्वतः होता. चांगला आहे, पण पुस्तकानंतर बघा. ड्रायफसचा चेहरा आधी पाहिला की त्याची बाजू घ्यायला आपण फार लवकर तयार होतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा बारीक अक्षराचा. दहावी-बारावीच्या पोराला भेट देणार असाल तर आधी स्वतः वाचा, कारण तो जेवताना प्रश्न विचारणार आहे. आमची प्रत सध्या शेजारच्या स्टॅम्पवाल्याकडे आहे, त्याचं डिंगलमनपर्यंत झालंय.