३६० मिमीचा स्क्रीनवाला लिक्विड कूलर: काही महिने वापरल्यानंतर

थेट सांगायचं तर, प्रोसेसर तासन्‌तास २०० वॉटच्या वर राबवणार नसाल, तर महागड्या लिक्विड कूलरच्या नादी लागू नका. कूलर वाईट नाही. फक्त त्याच्या किमतीतला बराचसा भाग थंडाव्यासाठी नसतोच, आणि हे पहिल्या आठवड्यात कळत नाही, वापरता वापरता कळतं.

तुलना कशाची ते आधी. एकीकडे लिक्विड कूलर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंपाने फिरणाऱ्या द्रवातून नेऊन रेडिएटरमध्ये (द्रव थंड करणाऱ्या जाळीत) बाहेर टाकणारा: २७ मिमी जाडीचा रेडिएटर, १२० मिमीचे तीन फॅन आणि पंपाच्या डोक्यावर एलसीडी स्क्रीन. दुसरीकडे सहा हीटपाइप (उष्णता वर नेणाऱ्या धातूच्या बंद नळ्या) आणि दोन फॅनवाला साधा ट्विन टॉवर, म्हणजे हवेने थंड करणारा कूलर. कॅबिनेट तेच, एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा एक प्रकार) मदरबोर्ड तोच, थर्मल पेस्ट तीच. प्रोसेसर आधी एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स, नंतर रायझन ७ ७८००एक्स३डी.

७८००एक्स३डीचा निकाल चटकन लागतो. कागदावर टीडीपी (कंपनीने सांगितलेली उष्णतेची पातळी) १२० वॉट असला तरी गेममध्ये हा प्रोसेसर बहुतेक वेळा ५० ते ८० वॉटच्या दरम्यानच असतो. एवढ्यासाठी तीन फॅनचा रेडिएटर लावणं ही शुद्ध हौस. त्याची टेंपरेचरची मर्यादा ८९ अंशांची आहे आणि ट्विन टॉवरवर तो तिच्या बराच खाली आरामात चालतो.

७९५०एक्सची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि इथेच लोक फसतात. हा प्रोसेसर पूर्ण लोडवर २३० वॉटपर्यंत वीज ओढतो आणि मुद्दाम ९५ अंशांपर्यंत जातो. कूलर चांगला मिळाला की तो थंड राहण्याऐवजी क्लॉक (कामाचा वेग) वाढवतो. त्यामुळे दोन्ही कूलरवर टेंपरेचरचा आकडा जवळजवळ सारखाच दिसतो आणि ‘एवढे पैसे घालूनही ९५च?’ असा प्रश्न पडतो. बघायचं असतं ते क्लॉक आणि वॉटेज. तिथे ३६० मिमीचा कूलर पुढे असतो हे खरं, पण सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या टेस्टच्या स्कोअरमध्ये ती आघाडी जेमतेम काही टक्क्यांची. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) १०५ वॉटचा इको मोड लावा (प्रत्यक्ष मर्यादा १४२ वॉट), टॉवरवरही टेंपरेचर भरपूर उतरतं आणि स्कोअर थोडासाच पडतो. ही सेटिंग फुकट आहे.

फरक इतका कमी का? कारण अडचण कूलरच्या आधीच सुरू होते. या प्रोसेसरमधली कोअरची प्रत्येक चिप साधारण ७० चौरस मिलिमीटरची. एवढ्याशा जागेतून निघालेली उष्णता वरच्या जाड धातूच्या झाकणातून बाहेर यायला वेळ लागतो. एएम५चं झाकण जाड ठेवलंय, कारण आधीच्या एएम४ सॉकेटचे जुने कूलर बसले पाहिजेत. त्या झाकणाच्या वर पाणी फिरवा की हीटपाइप लावा, झाकणाच्या आतला अडथळा तसाच राहतो. म्हणूनच काही कूलरांसोबत येणारी ऑफसेटची पट्टी वापरून बघा. चिप झाकणाच्या मधोमध नसून एका कडेला आहे, त्यामुळे कूलरचा तळ तिकडे सुमारे ७ मिमी सरकवला की एक ते तीन अंश कमी होतात. महागड्या कूलरची अर्धी आघाडी अशा दोन स्क्रूंच्या जागेत निघते.

लिक्विड कूलर खरोखर काय देतो? वेळ. समजा, पंप, नळ्या आणि रेडिएटर यांच्या सर्किटमध्ये २०० ग्रॅम द्रव आहे. २०० वॉट उष्णता त्यात ओतली आणि रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही, तरी द्रव सेकंदाला पाव अंशाने तापतो. म्हणजे २० अंश चढायला सव्वा मिनिटाहून जास्त. रेडिएटर चालू असताना हे चढणं आणखी लांबतं आणि द्रवाचं टेंपरेचर स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. दोन मिनिटांची टेस्ट लावून ‘लिक्विड १५ अंशांनी थंड’ असं सांगणारे आकडे इथून येतात. सिनेबेंच आर२३ मध्ये ३० मिनिटांची स्टॅबिलिटी टेस्ट आहे, ती लावा. खोलीचं टेंपरेचर लिहून ठेवा आणि तुलना करताना ते वजा करा, नाहीतर दुपारचा आकडा आणि पहाटेचा आकडा यांचीच लढत होते.

हा वेळ कामाचा मात्र आहे, फॅन कर्व्ह (कुठल्या टेंपरेचरला फॅन किती वेगाने फिरवायचा ती सेटिंग) नीट लावला तर. कंपनीच्या मूळ सेटिंगमध्ये फॅन बहुतेकदा प्रोसेसरच्या टेंपरेचरवर धावतात. ब्राउझर उघडला, एक कोअर क्षणभर ७५ अंशांवर गेला, की तिन्ही फॅन घूं करतात आणि पाच सेकंदांनी गप्प बसतात. दिवसभर हेच. उपाय सोपा: फॅनला द्रवाचं टेंपरेचर बघायला सांगा. ३२ अंशांपर्यंत ६०० ते ७०० आरपीएम, ४० अंशांना १२००, ४५च्या पुढे पूर्ण वेग. कूलरमध्ये द्रवाचा सेन्सर नसेल, तर बायोसमध्ये फॅनचा वेग वाढायला दहा सेकंदांचा उशीर लावा. पंपाचा वेग मात्र कायम ठेवा. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या पंपाच्या हेडरला (वायर जोडायच्या पिनांना) जोडून तो हेडर पूर्ण वेगावर ठेवायचा. प्रोसेसर फॅनच्या हेडरला पंप जोडला तर मूळ कर्व्हमुळे मशीन निवांत असताना पंप मंदावतो. तो हेडर अगदी रिकामा ठेवला तर बूट होताना ‘सीपीयू फॅन एरर’ येते. रेडिएटरच्या फॅनची वायर तिथे जोडली की ती येत नाही.

आवाजाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. लिक्विड म्हणजे शांत, हे जड लोडवर खरं. मशीन निवांत असताना उलट. टॉवरचे दोन फॅन ५०० आरपीएमवर कानाला जाणवत नाहीत, पण पंप दोन-तीन हजार आरपीएमवर सतत फिरत असतो आणि त्याची बारीक गुणगुण रात्री ऐकू येते. खळखळ ऐकू आली तर ती हवेची. मशीन चालू ठेवून कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलतं करा, बुडबुडे रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाऊन बसतात. त्यासाठी एक नियम पाळावा लागतो: सर्किटमधली सगळ्यात उंच जागा पंपाची नको. रेडिएटर वर छताला लावला तर प्रश्नच नाही. पुढे लावला तर नळ्या खालच्या बाजूला येऊ द्या.

छताला लावायचा तर माप आधी घ्या. २७ मिमीचा रेडिएटर आणि २५ मिमीचे फॅन मिळून ५२ मिमी. जाड ३८ मिमीचा रेडिएटर असेल तर ६३. रॅमची उंची आणि व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा) हीटसिंक यांच्याशी टक्कर हमखास होते. आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. गेम चालू असताना खरी भट्टी ग्राफिक्स कार्ड असतं, ३०० वॉट किंवा त्याहून जास्त. छतावरचा रेडिएटर त्याच कार्डाची गरम हवा ओढतो, म्हणून प्रोसेसर ७० वॉटवर असूनही द्रव तापत राहतो. पुढे लावला तर प्रोसेसर खूश, पण रेडिएटरमधून आलेली कोमट हवा कार्डाला मिळते. कुठे तरी तडजोड आलीच.

स्क्रीन, दिवे आणि सॉफ्टवेअर: हौसेला मोल नसतं, पण बिल येतं. स्क्रीनसाठी मदरबोर्डवरचा ९ पिनचा यूएसबी हेडर जातो, शिवाय पॉवर सप्लायची एक साटा वायर. टेंपरेचर दाखवायला बॅकग्राउंडला कंपनीचा प्रोग्रॅम सतत चालू लागतो. तो बंद केला की स्क्रीनवर फक्त लोगो. दुसरा मॉनिटरिंग प्रोग्रॅम सोबत चालवला आणि दोघं एकाच सेन्सरला विचारू लागले, की आकडे गोठतात. आणि गोठलेल्या आकड्यावर फॅन कर्व्ह चालत असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. शक्य असेल तिथे कर्व्ह बायोसमध्येच ठेवा.

आता टिकाऊपणा, ज्यावर खरेदीआधी कोणी बोलत नाही. टॉवरमध्ये बिघडण्यासारखा भाग एकच, फॅन. तो गेला तरी मशीन मंद गतीने चालतं, आणि कुठलाही १२० किंवा १४० मिमीचा चार पिनी फॅन तारेच्या क्लिपने बसतो. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा टॉवर २०१४ मध्ये आला. नव्या सॉकेटसाठी कंपनी माउंटिंग किट देत राहिली, म्हणून तो इतकी वर्षं एका मशीनमधून दुसऱ्यात जाऊ शकतो. लिक्विडचं तसं नाही. रबरी नळीतून द्रव अगदी सूक्ष्म प्रमाणात बाहेर झिरपतच असतो आणि त्याची जागा हवा घेते. शिवाय प्रोसेसरवरची प्लेट तांब्याची, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. दोन धातू एकाच द्रवात असल्यामुळे गंज टाळायला त्यात रसायन घालावं लागतं, आणि ते थकलं की प्लेटच्या बारीक खाचांत गाळ साचतो. बहुतेक मॉडेल सीलबंद, भरता येत नाहीत. वॉरंटी पाच-सहा वर्षांची असते, काहींची तीनच. गळती झाली तर मदरबोर्ड आणि कार्डाचं नुकसानही त्यात धरलंय का, ते वॉरंटीच्या कागदावर वाचा. गळती तशी क्वचितच होते. नेहमी जातो तो पंप.

बिघाड ओळखायला हात पुरेसा आहे. प्रोसेसर गरम असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. ठीक चालणाऱ्या कूलरमध्ये त्या जवळपास सारख्याच कोमट लागतात. एक गरम आणि दुसरी गार लागली तर प्रवाह अडलाय. बायोस उघडून नुसतं बसलं असताना टेंपरेचर काही मिनिटांत ९०च्या पुढे गेलं, दोन्ही नळ्या गार आहेत आणि पंपाचा आरपीएम शून्य दिसतोय, तर पंप संपला. आरपीएम बरोबर दिसतोय पण टेंपरेचर महिन्यागणिक चढतंय, तर आधी रेडिएटर बघा. फॅन आणि पत्र्यांच्या मधे धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, तो बाहेरून दिसत नाही. फॅन काढून साफ करा, आणि हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा. तरीही फरक पडला नाही, तर आत गाळ आहे.

मग घ्यावा कोणी? इंटेलचा कोअर आय९-१४९००के २५३ वॉटवर ठेवून रेंडरिंग किंवा कंपाइल करणाऱ्यांनी जरूर घ्यावा, तिथे टॉवरला दम लागतो. जेमतेम ७० मिमी उंचीचा कूलर मावेल अशा छोट्या कॅबिनेटमध्ये २४० मिमीचा लिक्विड हाच शहाणपणाचा मार्ग. मशीन सारखं इकडून तिकडे न्यायचं असेल, तर मदरबोर्डला लटकलेला सव्वा किलोहून जड टॉवर नकोच. पण या सगळ्यांनीसुद्धा स्क्रीन नसलेलं साधं मॉडेल बघावं. थंडावा रेडिएटरच्या क्षेत्रफळातून, फॅनमधून आणि पंपातून येतो. २८० मिमीचा रेडिएटर बसत असेल तर तोही बघा: दोन १४० मिमी फॅनचं क्षेत्रफळ ३९२ चौरस सेंटिमीटर, तर तीन १२० मिमी फॅनचं ४३२, २४०वाल्याचं फक्त २८८.

सेकंडहँड घेणार असाल तर टॉवर बिनधास्त घ्या, फक्त तळ सपाट आहे का आणि तुमच्या सॉकेटचं किट सोबत आहे का ते बघा. लिक्विड मात्र सेकंडहँड घेऊ नका. आत किती द्रव उरलाय हे बाहेरून बघायची सोयच नसते, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं.