सिलिकॉनचे इम्प्लांट की स्वतःची चरबी?

स्तनवृद्धीचा विचार करणाऱ्या गोव्यातील मैत्रिणींशी बोलताना जाणवते की चर्चा आकार आणि पहिल्या खर्चापाशीच थांबते. दोन पर्यायांतील खरा फरक मात्र नंतरच्या वर्षांत दिसतो.

इम्प्लांटने, म्हणजे स्तनात बसवल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या पिशवीने, ठळक आणि आधी ठरवता येण्याजोगी वाढ मिळते. परंतु ते आयुष्यभराचे साधन नव्हे. त्याभोवती शरीराने तयार केलेले आवरण आवळून स्तन कडक आणि दुखरा झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट फाटले तरी बाहेरून अनेकदा काहीच कळत नाही, म्हणून अमेरिकी औषध प्रशासन (एफडीए) शस्त्रक्रियेनंतर 5-6 वर्षांनी आणि पुढे दर 2-3 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करण्याची शिफारस करते. हा खर्च आधीच धरायला हवा. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एक दुर्मीळ लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) जोडला गेला असून 2019 मध्ये अशी काही उत्पादने जगभरातून परत घेण्यात आली. तेव्हा पृष्ठभाग कोणता, हे विचारावेच.

चरबी प्रत्यारोपणात पोटाची वा मांड्यांची चरबी काढून स्तनात भरतात. परकी वस्तू राहत नाही, पण वाढ माफक असते, काही चरबी शरीर शोषून घेते आणि सडपातळ स्त्रीकडे ती पुरेशी नसते. मागे राहिलेल्या गाठींमुळे मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रे तपासणीत) कर्करोगाची शंका येऊ शकते.

काणकोण किंवा पेडण्याहून पणजीला, अथवा थेट मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करणारीने, ताप आला किंवा एक बाजू अचानक सुजली तर घराजवळ कोणाकडे धाव घ्यायची, हे आधीच ठरवून ठेवावे.