लेकीची पहिली गाडी, आठ महिन्यांनी: किलोमीटर नंतर बघा, आधी टायरची तारीख वाचा

हा अनुभव मी तिसऱ्या महिन्यात लिहायला घेतला होता. तेव्हा गाडीवर राग होता आणि पाचपैकी अडीचच्या वर द्यायची माझी तयारी नव्हती. पाचव्या महिन्यात मुलगी एकटी गाडी चालवत असताना मागचा टायर गेला. त्यानंतर जे कळलं त्यामुळे आधीचं निम्मं लिखाण चुकीचं ठरलं. ते मी खोडलेलं नाही, जिथे चुकले तिथे तसं सांगते.

गाडी छोटी हॅचबॅक, 1.2 पेट्रोल, पाच गिअर, मधला व्हेरियंट, 2017 ची. बाकी स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. चालवणारी माझी 20 वर्षांची मुलगी. गाडी घेतली तेव्हा तिला लायसन्स मिळून चार महिने झाले होते.

नवी गाडी घ्यायची नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं. नवशिक्या हाताकडून वर्षभरात दोन-चार ओरखडे आणि एखादा बंपर जाणारच, ते नव्या पत्र्यावर बघवत नाही. जुन्यातल्या तीन गाड्या शेवटपर्यंत उरल्या. एक मोठी सेडान, आतून झकास, पण नऊ वर्षांची आणि 1,10,000 चाललेली. दुसरी हॅचबॅकच, ह्या गाडीपेक्षा वर्षभराने नवी, पण खालचा व्हेरियंट, ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ना पुढच्या सीटसमोर एअरबॅग. तिसरी ही. दोन एअरबॅग, एबीएस, आणि मीटरवर फक्त 31,000 किलोमीटर. आठ वर्षांत 31,000! विकणाऱ्याने तो आकडा तीनदा सांगितला आणि मी तीनही वेळा खूश झाले. एकाच हातची, घरात उभी असलेली, कमी चाललेली. आपल्याला हेच शब्द ऐकायचे असतात.

सेडान सोडली याचं अजूनही वाईट वाटत नाही. दुसरी सोडली याचं तर अजिबात नाही. सुरक्षिततेचे स्टार बघताना मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. स्टार कोणत्या साली आणि कोणत्या व्हेरियंटला मिळालेत ते वाचल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. गाड्या आपटून तपासणाऱ्या आणि स्टार देणाऱ्या संस्थांपैकी युरो एनकॅपचे पहिले निकाल 1997 चे, ग्लोबल एनकॅप 2011 पासूनची, आणि मधल्या काळात परीक्षा कडक होत गेली आहे. दहा वर्षांपूर्वीचे चार स्टार आणि आजचे चार स्टार एका तराजूत घालता येत नाहीत. वरच्या व्हेरियंटला मिळालेले स्टार दाखवून खालचा विकणारेही भेटतात.

आता तिसऱ्या महिन्यातल्या तक्रारी. तेव्हा लिहिलेलं जसंच्या तसं: ‘गाडीत रस्त्याचा आवाज फार येतो, साठच्या पुढे गाणी ऐकू येत नाहीत. सत्तर-पंच्याहत्तरला स्टिअरिंग थरथरतं. दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट केलं, फरक शून्य. गाडी डावीकडे ओढते. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की घसरल्यासारखी पुढे जाते. ॲव्हरेज 14. इंजिनात दम नाही. कंपनीने ह्या मॉडेलमध्ये पैसे वाचवलेत हे जागोजागी दिसतं.’

शेवटचं वाक्य मी मागे घेते. कंपनीचा काही दोष नव्हता.

पाचव्या महिन्यात ती मोठ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात होती. मागून फट-फट-फट असा आवाज यायला लागला, आधी हळू, मग कोणी पत्रा बडवतंय तसा. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि ब्रेकला हात लावला नाही, म्हणजे पाय. गाडी आपली आपण चाळीसवर आली तेव्हा कडेला घेतली. तोवर हवा गेलीच होती. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी तिला हे नुसतं तोंडी सांगितलं होतं, आणि तिने ते लक्षात ठेवलं. त्या बाईंचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

टायर मी संध्याकाळी पाहिला. नक्षीचा वरचा पट्टाच हातभर सुटून लोंबत होता, खालची तारांची जाळी उघडी. खिळा नाही, काच नाही. आणि नक्षी? खोल. एवढी खोल की अजून 30,000 किलोमीटर सहज गेली असती. ‘टायर 80 टक्के’ असं विकत घेताना दिलेल्या तपासणीच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि नक्षीपुरतं ते खरंच होतं. पण नक्षीच्या खाचा अंगठ्यांनी फाकवल्यावर तळाशी बारीक भेगा दिसल्या. नख अडकेल एवढ्या. चारही टायरना.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी विचारलं, “ताई, तारीख बघितली होती का?” मी म्हणाले, गाडीची ना, 2017. ते म्हणाले, “टायरची.”

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनंतर एक लांब कोड असतो आणि त्याच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर 2217 होतं, म्हणजे 2017 सालचा बाविसावा आठवडा, मे महिन्याची अखेर. 2000 च्या आधीच्या टायरवर तीनच आकडे सापडतील. आता यातली खरी गोम ऐका. तारखेसकट पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो. दुसऱ्या बाजूला कोड दिसतो पण चार आकडे नसतात. माझ्या दोन टायरवर ते आतल्या बाजूला होते. मी बाहेरून कितीही निरखलं असतं तरी कळलं नसतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाइलचा टॉर्च आत धरला तेव्हा पुढचा दिसला. मागच्यासाठी चटई टाकून गाडीखाली वाकावं लागलं. वाका. गाडी घेण्याआधी वाका, विकणारा घड्याळाकडे बघत असला तरी.

रबर नुसतं झिजून संपत नाही, हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने ते कडक होत जातं, उष्णतेने आणखी लवकर. टायरच्या रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं तशी ती पृष्ठभागावर येतात आणि त्याचं रक्षण करतात. उभ्या गाडीत ते होत नाही. म्हणजे रोज चाललेल्या गाडीचा टायर झिजतो आणि उभ्या गाडीचा टायर वाळतो. झिजलेला डोळ्यांना दिसतो, 1.6 मिलिमीटरवर आला की खाचेतली खूण वर येते, कोणीही सांगेल बदल. वाळलेला वरून छान काळाभोर दिसतो. पॉलिश मारलं की नवाच. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर नक्षी असो-नसो टायर बदला म्हणतात, आणि टायर कंपन्या फार तर दहा वर्षं सांगतात, तेही दरवर्षी तपासून. अभिनेता पॉल वॉकर 2013 मध्ये ज्या अपघातात गेला, त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात वेग हेच कारण निघालं, पण टायरच्या वयाचा उल्लेखही तपास करणाऱ्यांनी केला होता. तेव्हा मी ती बातमी वाचलीही होती. ह्या गाडीखाली वाकताना मला ती आठवायला हवी होती.

विकणाऱ्याशी भांडण झालं. नाव लिहीत नाही. पहिल्या फोनवर म्हणाले, टायर वॉरंटीत येत नाही. दुसऱ्यावर, तुमच्या मुलीने खड्ड्यात घातली असेल. हे ऐकल्यावर मी त्यांच्या कार्यालयात गेले आणि तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. ‘टायरची स्थिती: उत्तम.’ मी एवढंच विचारलं की तुमच्या यादीत तारखेचा रकाना का नाही. उत्तर आलं नाही. एक टायर ‘सद्भावना म्हणून’ देतो म्हणाले. उरलेले तीन त्याच आठवड्यात जन्मलेले असताना एक बदलून काय होणार? मी तो नाकारला. काटकसरी माणसाला फुकटचा टायर नाकारणं किती जड जातं ते मलाच माहीत. पण तो घेतला असता तर कागदावर ‘तक्रार मिटली’ असं आलं असतं, आणि मला ती मिटवायची नव्हती.

चारही नवे घेतले. 165/80 आर 14, 85 टी, म्हणजे जे गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच, रुंद करायच्या नादी लागले नाही. चारांवरही तारीख मागून घेतली, तीन महिन्यांच्या आतली. दुकानदाराने आधी वर्षापूर्वीचे काढले होते, ते परत ठेवायला लावले. सगळे मिळून गाडीच्या किमतीच्या विसाव्या भागाहून कमी पैसे गेले. ह्यासाठी मी विकत घेताना घासाघीस करू शकले असते, हे मात्र अजून खुपतं.

आणि मग गाडी बदलली. खरंच बदलली. दुकानातून बाहेर पडून पहिल्याच वळणावर मुलगी म्हणाली, “आई, ही आपलीच आहे ना?” रस्त्याचा आवाज निम्म्यावर. पंच्याहत्तरला स्टिअरिंग गप्प. दोन बॅलन्सिंगचे पैसे मी वाकड्या झालेल्या टायरवर घालवले होते. बॅलन्सिंगमध्ये चाकाला वजनाचे तुकडे लावतात, पण कुठल्याही तुकड्याने तो गोल होणार नव्हता. पहिला पाऊस आला तेव्हा मी मुद्दाम शेजारी बसून गेले. ब्रेकवर ती पूर्वीची पुढे सरकणारी भावना नाही. अडीचचे चार तिथे झाले.

डावीकडे ओढणं मात्र तसंच राहिलं. तेही शेवटी ‘कमी चाललेली’चंच देणं निघालं. वीस मिनिटं चालवल्यावर मिस्त्रींनी दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेला, लावला नाही, नुसता जवळ नेला, आणि मला तसं करायला सांगितलं. डावं चाक तव्यासारखं तापलेलं, उजवं कोमट. गाडी उभी राहून ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे चाकाची चकती आवळणाऱ्या चिमट्याच्या, पिना जाम झाल्या होत्या, त्यामुळे डावा ब्रेक पाय काढल्यावरही पूर्ण सुटत नव्हता. पिना साफ करून ग्रीस लावलं, एका तासाचं काम. ॲव्हरेज 14 वरून साडेसोळावर गेलं. ब्रेक ऑइलही त्याच दिवशी बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं, गाडी चालो न चालो, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्याची हमी 155 पर्यंतच. लांब उतारावर ब्रेक तापले की हा फरक पायाला कळतो. आमचं चहासारखं तपकिरी निघालं.

इंजिनात दम नाही ही तक्रारही मागे. जाम ब्रेक ओढत नेणाऱ्या इंजिनाला मी नावं ठेवत होते. आणि खरं सांगायचं तर नव्या चालकाला ह्याहून जास्त ताकद देऊही नये. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकला झेलावी लागते.

एबीएसबद्दल एक. तो असणं पुरेसं नाही, तो पायाला माहीत असावा लागतो. आम्ही रिकाम्या मैदानात, आधी तीस मग चाळीसच्या वेगात जोरात ब्रेक मारून पाहिले. पेडल पायाखाली धडधडलं आणि पहिल्यांदा तिने घाबरून पाय उचलला. पाचव्या वेळी पाय दाबून ठेवून बाटलीला वळसा घालून गेली. 1978 पासून गाड्यांत येत असलेली ही गोष्ट, पण ती धडधड आधी अनुभवली नसेल तर ऐन वेळी कोणीही पाय उचलेल.

न सुटलेल्या गोष्टी आहेत. सीटची उंची बदलत नाही. मुलगी पाच फूट एक इंच, त्यामुळे ती पुढे सरकून बसते, आणि छातीपासून स्टिअरिंग निदान 25 सेंटीमीटर लांब हवं, एअरबॅगसाठी. आम्ही टेप लावून मोजलं, सीटची पाठ थोडी मागे कलती केली तेव्हा 26 आलं. मागच्या खांबामुळे रिव्हर्सला एक कोपरा दिसत नाही, कॅमेरा बसवला. क्लच हलका आहे. त्याहून सांगण्यासारखं काही नाही.

हवेचा दाब मात्र आता तीच दर पंधरवड्याला बघते, सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे 33. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हे ती आता मैत्रिणींना सांगते.

स्टेपनीचं राहिलंच. त्या दिवशी ती बसवायला काढली तेव्हा तिच्यात हवाच नव्हती, शिवाय चाकाचे नट मशीनने इतके आवळलेले की मुलीने पान्यावर उभं राहूनही हलले नाहीत. तेव्हापासून नट हाताने आवळून घेतो आणि घरी दोनदा चाक बदलून झालंय, गाडी उचलण्याआधी नट सैल करायचे ह्या क्रमाने. स्टेपनी एकदाही रस्त्याला लागलेली नव्हती, नक्षीवरच्या रबराच्या बारीक लवीसुद्धा शाबूत. चौकटीत बघितलं तर 2217. पाचवा टायर काल सांगून आले.