पहिला लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी टिळक रस्त्यावरचे एक छोटे दुकान

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या मावशीने ६८ व्या वर्षी स्वतःसाठी पहिला लॅपटॉप घेतला. तिला मराठीतून आठवणी लिहायच्या होत्या, बँकेचे व्यवहार पाहायचे होते आणि परदेशी असलेल्या नातवाशी मोठ्या पडद्यावर बोलायचे होते. या खरेदीसाठी आम्ही पुण्यातली दोन दुकाने पाहिली. दोघांचीही नावे येथे देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते विकण्याच्या पद्धतीविषयी.

पहिले दुकान मोठे, वातानुकूलित आणि अनेक कंपन्यांचा माल ठेवणारे होते. तिथल्या विक्रेत्याने प्रोसेसरची पिढी, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि त्या दिवसापुरती सवलत हे सगळे एका दमात सांगितले. पण सांगताना तो सतत माझ्याकडे पाहत होता. वस्तू वापरणार मावशी, पैसे देणार मावशी, आणि तिला एकही प्रश्न विचारला गेला नाही. खेळांसाठी बनवलेले जड यंत्र तिच्यापुढे ठेवले गेले, तेव्हा ती शांतपणे उठली आणि बाहेर आली.

टिळक रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात जेमतेम चार माणसे उभी राहतील एवढीच जागा होती. मालकांनी आधी मावशीला बसायला खुर्ची दिली आणि "काकू, तुम्ही यावर काय काय करणार?" असे विचारले. ती शिक्षिका होती हे कळल्यावर ते तिला "बाई" म्हणू लागले. तिचे उत्तर संपेपर्यंत त्यांनी एकाही यंत्राला हात लावला नाही. मग त्यांनी दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, एक फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर माहिती साठवणारा जुना आणि एक एसएसडीचा, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान साठवणुकीचा नवा, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू केले. नव्यावर काम करायची तयारी झाली तरी जुन्यावरचे चक्र फिरतच होते. एसएसडी म्हणजे काय, हे मावशीला त्यानंतर कोणी सांगावे लागले नाही. सोळाऐवजी आठ जीबी रॅम (चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी स्मृती) तिच्या कामाला पुरेल, मात्र ती पुढे वाढवता येईल असेच मॉडेल घ्यावे, कारण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे आमचा खर्च पहिल्या दुकानात सांगितलेल्या किमतीच्या जवळपास निम्म्यावर आला.

मला सर्वांत आवडला तो यानंतरचा अर्धा तास. मालकांनी विंडोजमधला मराठीचा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा कीबोर्ड सुरू करून दिला, पडद्यावरची अक्षरे १५० टक्के मोठी केली आणि यंत्र मावशीसमोर सरकवले. तिने 'ज्ञानेश्वरी' हा शब्द लिहून पाहिला. 'ज्ञ' पहिल्या दोन प्रयत्नांत जमला नाही. तिसऱ्यांदा जमला, तेव्हा तिने हिशेबाची चौकशी सुरू केली. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ दिसेल, कारण कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले. घरी गेल्यावर हा आकडा पाहून फसवणूक झाल्याची शंका येणारे ग्राहक मी पाहिले आहेत, म्हणून या एका वाक्याची किंमत मला मोठी वाटते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस या लेखन-हिशेबाच्या सॉफ्टवेअरची प्रत यंत्रासोबत कायमची मिळते की केवळ चाचणीपुरती, हे प्रत्येक मॉडेलनुसार वेगळे असते. तेही त्यांनी खोक्यावर दाखवले आणि लेखनापुरते लिबरऑफिस हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर विनामूल्य चालेल असे सांगितले.

बिल करताना मात्र दोन चुका झाल्या. मदतनीस मुलाने तीन वर्षांचा अँटीव्हायरस न विचारता बिलात घातला होता. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस मुळातच असतो आणि मावशीच्या वापराला तो पुरेसा आहे, असे मी म्हटल्यावर मालकांनी ती ओळ लगेच काढली. पण मी सोबत नसतो तर ती राहिली असती. दुसरी चूक अधिक गंभीर होती. मायक्रोसॉफ्टचे खाते उघडताना त्या मुलाने वेळ वाचवण्यासाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक घातला. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध (कुलूपबंद) होते आणि ती उघडणारी रिकव्हरी की, म्हणजे एक लांबलचक क्रमांक, याच खात्यात साठते. उद्या यंत्राने ती मागितली आणि खाते उघडता आले नाही, तर लिहिलेल्या सगळ्या आठवणी कायमच्या गेल्या असत्या. आम्ही खाते मावशीच्या क्रमांकावर नव्याने उघडून घेतले आणि पासवर्ड तिने स्वतःच्या वहीत लिहिला. तुमच्या घरातले कोणी वडीलधारे एकटे खरेदीला जाणार असेल, तर एवढी एक गोष्ट त्यांना नक्की बजावून पाठवा.

जीएसटीचे पक्के बिल, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि वॉरंटीची तारीख हे सर्व न मागता मिळाले. महिनाभराने प्रिंटर जोडताना अडले, तेव्हा मावशीने मला न विचारता थेट दुकानात फोन केला आणि मालकांनी वीस मिनिटे फोनवरूनच तिच्याकडून एकेक पायरी करून घेतली. संध्याकाळी तिथे दुरुस्तीवाल्यांची गर्दी असते आणि असा निवांत वेळ मिळत नाही, म्हणून जायचे असेल तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जावे.